पिकअपची पायरी, साठीनंतरचा गुडघा : एक आढावा

आरटीओच्या कागदावर बोलेरो पिकअप हे मालवाहू वाहन आहे. कागल तालुक्यात मात्र ती घरातली गाडी असते. सकाळी ती गावच्या दूध संस्थेचे कॅन नेते, दुपारी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात कोबी-फ्लॉवर टाकून येते, परत येताना युरियाची पोती आणते. अमावास्येला तीच गाडी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला निघते, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखले तर दवाखान्यालाही तीच जाते. अशा गाडीत चढणारी माणसे पंचविशीची नसतात. मुलगा कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीत पाळीवर गेलेला असतो, म्हणून स्टेअरिंगवर पासष्टीचा बाप असतो आणि शेजारच्या सीटवर त्याची बायको. 2011 च्या जनगणनेत साठ आणि त्यावरील लोकांचे प्रमाण देशात 8.6 टक्के, तर महाराष्ट्रात 9.9 टक्के होते. ते तेव्हापासून वाढतच आहे.

वय वाढते तसे या गाडीत चढणे-उतरणे किती जड जाते, आणि त्याचा उपाय कोणी करायचा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. डॉक्टर, गाडी बनवणारे, गाडीचे मालक आणि कायदा असे चौघे त्याकडे चार बाजूंनी पाहतात आणि एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून चौघांचे म्हणणे एका जागी मांडून पाहतो.

बैलगाडीपासून पिकअपपर्यंत

वाहनात चढण्याची अडचण नवी नाही. बैलगाडीत मागून चढावे लागे आणि कोणीतरी हात देई. टांग्याला मागे लोखंडी पायरी असे, कारण टांगेवाल्याची कमाईच माणसांच्या चढण्या-उतरण्यावर होती. एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. तिच्या दारात पायऱ्या आल्या, त्यांच्या बाजूला दांडा आला. पुढे वडापच्या जीप आणि ट्रॅक्स आल्या, त्यांत मागच्या दाराच्या एका अरुंद पायरीवर पाय ठेवून वाकत आत शिरायचे. माणसे वाहून नेण्यासाठी म्हणून जे वाहन बनले किंवा वापरले गेले, त्याला बरी-वाईट का होईना, पायरी मिळाली.

मालवाहू वाहनांचा वंश वेगळा. टाटा 407 ही 1986 मध्ये आली. महिंद्राची बोलेरो 2000 मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावाच्या पिकअपने ग्रामीण महाराष्ट्राचा रस्ता व्यापला. 2005 मध्ये टाटा एस आली. तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ केले आणि लहान शेतकऱ्याच्या दारात चारचाकी उभी राहिली. या गाड्यांची केबिन ड्रायव्हरसाठी, आणि तोही तरुण असणार असे धरून आखलेली. मालाचा हौदा आधी, माणूस नंतर.

त्यात पिकअपची बांधणीच उंच. कारमध्ये सांगाडा आणि बॉडी एकच असते, म्हणून तळ खाली आणता येतो. पिकअपमध्ये खाली शिडीसारखी चासी, मागे पाट्यांची स्प्रिंग, मोठी चाके, आणि या सगळ्यावर केबिन ठेवलेली. दीड टनाच्या आसपास माल खड्ड्यांतून न्यायचा तर हे लागतेच. पण त्यामुळे केबिनचा तळ गुडघ्याच्या वर जातो आणि सीट त्याहूनही वर.

शरीर काय सांगते

वयाबरोबर स्नायू झिजण्याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये दिले. झीज चाळिशीच्या आधीच सुरू होते. या झिजेत ताकदीपेक्षा झटका आधी जातो, म्हणजे थोड्या वेळात जोर लावण्याची क्षमता. पोते उचलू शकणारा म्हातारा उंच पायरीवर अडतो, त्याचे हे एक कारण. एका पायावर सगळे वजन घेऊन अंग वर ढकलायचे असते, आणि ते एका दमात करावे लागते. मध्येच थांबता येत नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. सपाट चालताना गुडघा सुमारे 60 अंश वाकतो, जिना चढताना 80 ते 100. पायरी जितकी उंच तितका वाकण्याचा कोन वाढतो आणि वाटीमागचा दाबही वाढतो. घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार 190 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. शेतीयंत्रांसाठीच्या आयएसओ 4254-1 या आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्या पायरीची कमाल उंची 550 मिलिमीटर धरली आहे, म्हणजे घरच्या जवळजवळ तीन पायऱ्या एका पावलात. 152 सेंटिमीटर उंचीच्या बाईचा गुडघा जमिनीपासून साधारण 43 सेंटिमीटरवर असतो. भारतीय बायकांची सरासरी उंची तेवढीच आहे. मानकात बसणारी पायरीसुद्धा तिच्या गुडघ्याच्या वर येते, आणि अंगावर साडी असते.

ग्रामीण महाराष्ट्रात सांधेदुखी किती खोलवर आहे याचा चांगला पुरावा पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने 1996 पासून तिथे कॉपकॉर्ड पद्धतीने घरोघर पाहणी केली. दर शंभर प्रौढांत सुमारे 18 जणांना हाडे-स्नायू-सांध्यांचे दुखणे होते. रुग्णालयात आलेल्यांची ही मोजणी नव्हती, दारात जाऊन विचारलेल्यांची होती. दुखणे अंगावर काढणारी माणसे अशा मोजणीतच सापडतात.

चढण्यापेक्षा उतरणे जास्त धोक्याचे. ही बाब सहसा सुटून जाते. चढताना स्नायू आखडत जोर लावतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन झेलतो. शिवाय डोळ्यांना खालची जमीन दिसत नाही, पाय चाचपडत खाली जातो आणि शेवटचे वीतभर अंतर माणूस सरळ टाकून देतो. तो धक्का गुडघ्याला आणि कमरेला बसतो. पाठमोरे उतरले तर दांडा धरता येतो, पण आपल्याकडे पाठमोरे उतरणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे. वैद्यकीय पुस्तकात हे कारण आढळणार नाही, पण कागलच्या चौकात ते दिवसभर दिसते.

कोणत्या बाजूने चढतो, यावरही बरेच अवलंबून असते. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दाराने चढतो, म्हणजे डावा पाय आधी वर जातो आणि तोच अंग उचलतो. शेजारी बसणारा डाव्या दाराने चढतो, त्याचा उजवा पाय हे काम करतो. उतरतानाही तसेच: आत राहिलेला पाय वाकून वजन झेलतो, बाहेरचा पाय जमीन शोधतो. उजवा गुडघा गेलेला माणूस म्हणूनच स्टेअरिंगवर बरा चढतो आणि शेजारच्या सीटवर चढताना कण्हतो. फिजिओथेरपिस्ट सांगतात, ‘चांगला पाय वर आधी, दुखरा पाय खाली आधी’. गाडीत तो नियम पाळायचा की नाही हे दारच ठरवते.

वैद्यकीय बाजूचा एकूण सूर असा की पायरी कमी करा, पण स्नायूही सांभाळा. खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम केला तर गाडीतही उपयोग होतो. या भूमिकेवर आक्षेप एकच, तो रास्त आहे. दिवसभर शेतात उठबस करणाऱ्याला व्यायाम सांगणे सोपे असते. त्याचा गुडघा व्यायामाअभावी गेलेला नसतो, कामाने गेलेला असतो.

गाडी बनवणाऱ्यांचा हिशेब

वाहनांच्या आखणीत या विषयाला जगात बऱ्यापैकी इतिहास आहे. फोर्ड कंपनीने 1990 च्या दशकात लफबरो विद्यापीठाच्या मदतीने ‘थर्ड एज सूट’ तयार केला. गुडघे, कोपरे, पाठ आखडवणारा हा पोशाख आणि नजर पिवळसर करणारा चष्मा चढवून तरुण अभियंत्यांना गाडीत चढ-उतर करायला लावले. 1998 च्या फोर्ड फोकसच्या आखणीत त्याचा वापर झाला. कारच्या बाबतीत उत्तर जवळपास ठरले आहे. सीट बसणाऱ्याच्या नितंबांच्या उंचीला असावी, म्हणजे माणूस ना खाली कोसळतो ना वर चढतो, सरकून बसतो. मारुती 800 मधून उठताना कुरकुरणारी माणसे आजच्या उंच हॅचबॅकमध्ये खूष असतात, ते यामुळे.

पिकअपला हे उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही, कारण सीट आधीच त्या उंचीच्या वर असते. मग उपाय उरतात तीन: मधे एक पायरी द्या, दार रुंद आणि जास्त उघडणारे करा, आणि हात धरायला जागा द्या. अमेरिकेत ट्रकच्या उंच केबिनसाठी पायऱ्या आणि मुठींचे केंद्रीय नियम 1980 च्या दशकापासून आहेत. त्यांचे सूत्र तीन आधारांचे: दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले असले पाहिजेत. तिथल्या मोठ्या खाजगी पिकअपना तर दार उघडले की आपोआप खाली येणाऱ्या विजेच्या पायऱ्याही मिळतात. त्या मिळतात महागड्या प्रकारांत. दूध गोळा करणाऱ्या गाडीचा मालक त्यांच्यापासून बराच लांब आहे.

आपल्याला जास्त जवळचे उदाहरण जपानचे वाटते. तिथे 2020 च्या कृषी गणनेत शेती हाच मुख्य धंदा असलेल्यांचे सरासरी वय 67.8 वर्षे होते. ही माणसे वापरतात ती 660 सीसीची, जास्तीत जास्त 350 किलो माल नेणारी ‘केई’ ट्रक. छोटी चाके, खाली केबिन, अरुंद बांधावर वळणारी. तिच्यातही वाद आहे: पुढची चाके सीटखाली ठेवली तर गाडी कमी जागेत वळते, पण चाकाची कमान दाराचा खालचा कोपरा खाते आणि पाय ठेवायला अडचण होते. चाके पुढे ढकलली तर पाय मोकळा राहतो, पण वळायला जागा जास्त लागते. आपल्याकडे छोटा हत्ती आणि मारुतीची 2016 मध्ये आलेली सुपर कॅरी या लहान गाड्या त्याच जातकुळीतल्या. बोलेरो पिकअपपेक्षा त्यांत चढणे सोपे जाते, पण त्यांची भारवाहकता कमी. दीड टन ऊस-रोपे किंवा फरशी न्यायची तर पुन्हा उंच गाडीकडे यावे लागते.

कोणाच्या अंगाच्या मापाने आखायचे, हाही मुद्दा आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरच्या शेतमजुरांची 79 शारीरिक मापे आणि 16 ताकदीची मापे गोळा करून 2009 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत स्त्रियांचीही होती. अवजारे आखणाऱ्यांनी ती वापरावीत हा हेतू होता. पिकअपची केबिन अवजारांत मोडत नाही, पण तीत बसणारी माणसे तीच आहेत.

मालकाचे म्हणणे

या बाजूला आपण शहरी लोक लगेच निष्काळजी ठरवतो. ते बरोबर नाही. कागलच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडीवाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी त्या हातभर खोल केलेल्या असतात. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावांत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून रस्ते जातात आणि पहिल्या पुरातच पाण्याखाली जातात. अशा ठिकाणी गाडीचे पोट जमिनीपासून जितके वर तितके चांगले. दाराखाली लटकणारी पायरी बांधावर आपटते, वाकते, मग दारच उघडत नाही. शिवाय तिच्यावर चिखल बसतो, आणि चिखल लागलेली गुळगुळीत पत्र्याची पायरी नसलेली बरी.

तरी लोकांनी आपापले उपाय काढले आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा हायवेकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात दाराखाली जाळीचे पायदान बसवून मिळते. जाळी अशासाठी की चिखल खाली गळावा. दाराच्या पुढच्या खांबाला आतून पाइपची मूठ लावणे हा आणखी स्वस्त उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा. कारण हाताने अंग ओढता आले की पायावरचा भार लगेच कमी होतो, आणि मुठीमुळे गाडीचे पोट खाली येत नाही. शेजारच्या सीटला अशी मूठ पुष्कळ गाड्यांत असते. ड्रायव्हरच्या बाजूला ती क्वचित असते, कारण स्टेअरिंग धरून चढता येते असे गृहीत धरतात. स्टेअरिंग धरून अंग ओढणे म्हणजे हलणाऱ्या वस्तूचा आधार घेणे. हे कोणा आखणीकाराला खटकले नसावे याचे नवल वाटते.

याशिवाय दुधाचा रिकामा क्रेट उलटा ठेवणे, गाडी बांधाला किंवा कट्ट्याला लावणे, नातवाने खांदा देणे हे आहेच. क्रेट घसरतो, कट्टा जिथे चढायचे तिथे असतो आणि उतरायचे तिथे नसतो. तरी निम्म्या गावाचे काम त्यावर चालते.

गाडीमालकांतही एकमत नाही. जे स्वतः चालवतात ते साठीनंतर पायदानाचा विचार करू लागतात. जे ड्रायव्हर ठेवतात त्यांना त्याची गरज वाटत नाही, कारण तरुण ड्रायव्हर टायरवर पाय ठेवून उडी मारतो.

कायदा कुठे उभा आहे

कायद्याने या प्रश्नाला थेट हात घातलेला नाही, पण आजूबाजूने पुष्कळ स्पर्श केला आहे.

बसच्या बाबतीत चित्र स्पष्ट. शहरी बससाठीच्या केंद्राच्या मानकांत तळाची उंची 400, 650 आणि 900 मिलिमीटर अशा तीन प्रकारांत सांगितली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 41 ने सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, जुन्या वाहनांत शक्य तिथे बदल करण्यासह. राज्य सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत केली. 65 ते 75 वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धे तिकीट. तिकिटाची अडचण गेली, दारातल्या पायऱ्या राहिल्या. तरी म्हाताऱ्या माणसांची एसटीतली गर्दी वाढली, यावरून पायरीपेक्षा पैशाचा अडसर मोठा होता असा निष्कर्ष काही जण काढतात. दुसरे म्हणतात की ज्यांना चढता येत नाही ते त्या गर्दीत दिसणारच नाहीत. दुसरे म्हणणे मला जास्त पटते.

पिकअप खाजगी आणि मालवाहू, म्हणून या तरतुदींच्या बाहेर. पण विम्याच्या कायद्याने केबिनला अनपेक्षित महत्त्व दिले आहे. मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात डिसेंबर 2002 मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मात्र विम्यात आला, आणि पुढच्या निकालांत त्याने केबिनमध्ये बसलेले असावे, हौद्यात नव्हे, अशी भूमिका आली. आता कोबीबरोबर मार्केटला निघालेल्या सत्तरीच्या शेतकऱ्याचा विचार करा. त्याला केबिनमध्ये चढता आले तर तो कायद्याच्या छत्राखाली. तीन माणसे आधीच बसली आहेत किंवा गुडघा उचलत नाही म्हणून पोरांनी त्याला उचलून हौद्यात पोत्यांवर बसवले, तर त्याचा हक्क डळमळतो. पायरीच्या उंचीचा असा कायदेशीर परिणाम होतो, हे या विषयावर बोलणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

ड्रायव्हरच्या बाजूने दोन गोष्टी. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी शिक्कामोर्तब केले. कार चालवणारा म्हातारा शेतकरी वेगळा परवाना न काढता पिकअप चालवू शकतो. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतो आणि वैद्यकीय दाखला लागतो. दाखल्यात मुख्य भर नजर आणि ऐकण्यावर असतो.

घरगुती पायदानाचे काय? मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत उत्पादकाच्या नमुन्याबाहेर बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी गाडीत बदल करून घेण्याची वाट मोकळी ठेवली. वेल्डिंग केलेली पायरी ही सांगाड्यातला बदल की साधी जोड, यावर एक अधिकारी एक म्हणतो आणि दुसरा दुसरे. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस दिव्यांग ठरेलच असे नाही, म्हणून ती मोकळी वाट त्याच्या कामी येत नाही.

काय उरले आहे

सर्वांत मोठी पोकळी मोजण्यात आहे. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेने 2017-18 मध्ये देशभरच्या 45 वर्षांवरील 72,000 हून अधिक लोकांची पाहणी केली. लासी या नावाने ती ओळखली जाते. तीत शंभर यार्ड चालणे, खुर्चीतून उठणे, जिना चढणे, वाकणे, पाच किलो उचलणे अशा हालचालींच्या अडचणी विचारल्या होत्या. जिन्यावरून पिकअपचा अंदाज बांधता येतो, पण पक्का नाही. जिन्याला कठडा असतो, पायऱ्या सारख्या असतात आणि दार मधे येत नाही.

दुसरा न सुटलेला मुद्दा पायरी आणि मूठ यांतल्या निवडीचा. आखणीकार दोन्ही हवे म्हणतात. मालकाला पायरी नको आहे आणि मूठ चालते. वैद्यकीय अंगाने पाहिले तर ज्यांचे खांदे आणि पंजेही गेलेत त्यांना मुठीचा उपयोग नाही, आणि सत्तरीपुढच्या बायकांत अशा पुष्कळ असतात. म्हणजे एकाच घरात बापाला मूठ पुरेल आणि आईला पायरीच लागेल. पायरी फक्त डाव्या बाजूला, शेजारच्या सीटखाली बसवायची, हा मधला मार्ग काही गाड्यांवर दिसतो. तो खर्चाने निम्मा आहे.

तिसरा मुद्दा विजेच्या गाड्यांचा. टाटा एसची विजेवर चालणारी आवृत्ती मे 2022 मध्ये आली. इंजिन गेल्यावर केबिन खाली आणण्याची मोकळीक मिळते असे आखणीकार म्हणतात. बॅटरी तळाशी ठेवली की तीच मोकळीक परत जाते असेही तेच म्हणतात. लहान मालवाहू गाड्यांत कोणता पर्याय टिकेल हे बॅटरीच्या किमतीवर ठरेल. म्हाताऱ्यांचा गुडघा त्या हिशेबात अजून आलेला नाही.

आणि चौथा मुद्दा न्यायालयाचा. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम शिफारशीच्या भाषेत चालणार नाहीत, सक्तीचे किमान मानक वेगळे काढावे लागेल. त्या चर्चेत बसस्थानके, रेल्वे, इमारती, संकेतस्थळे आहेत. ज्या गाडीने कापशी किंवा बाचणीचा म्हातारा खरोखर प्रवास करतो, ती मालवाहू असल्यामुळे त्या यादीत यायला तिला आधी प्रवासी वाहन ठरावे लागेल, आणि तसे ठरले की तिचा परवाना, कर आणि विमा तिन्ही बदलतील. मालकांना ते परवडणारे नाही, आणि ते तसे स्पष्ट सांगतात.